चार व्हॉल्व्हचं ट्रम्पेट घेतलं तर राग वाजेल का? (आणि इब्राहिम मालूफचं करिअर नक्की कसं झालं)

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं की सांगलीकडे घरचा ब्रास बँड आहे, दहावीपासून तू वडिलांबरोबर लग्नाच्या सीझनला ट्रम्पेट वाजवतोस, आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, मोबाइलवर इब्राहिम मालूफ या फ्रेंच ट्रम्पेटवाल्याचे व्हिडिओ बघितलेस, त्याच्या ट्रम्पेटला तीनऐवजी चार व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायचे खटके, आहेत हे कळलं, आणि आता कर्ज काढून तसलंच ट्रम्पेट बाहेरून मागवायचं डोक्यात आहे म्हणजे त्यावर यमन-दरबारी वाजवता येईल. आणि शेवटच्या ओळीत हळूच विचारलंयस की त्याच्यासारखं करिअर होईल का. अरेतुरे करतोय, राग मानू नकोस, माझा मुलगा तुझ्याहून मोठा आहे.

मी तीसेक वर्षं हे वाद्य वाजवतोय. गिरगावात एका गोवेकर सरांकडे शिकलो, हॉटेलं झाली, स्टुडिओ झाले, लग्नं तर किती झाली मोजलीच नाहीत, आणि गेली बारा वर्षं पुण्यात शिकवतोय. त्यामुळे जे सांगतो ते वाजवणाऱ्याच्या बाजूने सांगतो. आणि हो, तुझ्या वयाचा असताना मीसुद्धा एक महागडं सेकंडहँड ट्रम्पेट हप्त्याने घेतलं होतं. हप्ते तीन वर्षं चालले, आवाज पहिल्या दिवसापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत माझाच होता, पातळ, वरच्या सुरात चिरकणारा.

माझ्या मते तुझे दोन प्रश्न एकात अडकलेत. एक वाद्याचा, दुसरा करिअरचा, आणि तू धरून चाललायस की पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळेल. आधी करिअरचं घेतो कारण व्हिडिओत ते अजिबात दिसत नाही.

मालूफ 1980 सालचा, जन्म बैरूतचा. लेबनॉनमध्ये यादवी चालू होती, घरचे फ्रान्सला आले आणि तो पॅरिसच्या बाहेर एताँप नावाच्या गावात वाढला. आई पियानो वाजवायची, वडील नसीम मालूफ स्वतः ट्रम्पेटवाले. नसीम लेबनॉनमधून पॅरिसला येऊन मॉरिस आंद्रेकडे शिकले. मॉरिस आंद्रे कोण हे तुला ठाऊक नसेल तर आजच शोध, क्लासिकल ट्रम्पेटमध्ये विसाव्या शतकातला बहुतेक सगळ्यात मोठा माणूस. तो स्वतः खाणकामगाराचा मुलगा, पोरवयात खाणीत काम केलेला, आणि कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे तिथल्या संगीत विद्यालयात, फी माफ व्हावी म्हणून आधी मिलिटरी बँडमध्ये भरती झाला. बँडवाल्यांनी मान खाली घालायचं काही कारण नाही, एवढंच या निमित्ताने.

आता या नसीमचा त्रास काय होता बघ, कारण चौथा व्हॉल्व्ह त्यातून आलाय. शिक्षण सगळं युरोपियन, विवाल्डी-पर्सेल, आणि कानात लहानपणापासून अरबी गाणं. अरबी मकामात, म्हणजे त्यांच्या रागासारख्या चौकटीत म्हण, काही सूर आपल्या हार्मोनियमच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये पडतात. उदाहरणार्थ रास्त नावाचा मकाम घे, त्याचा गंधार कोमल पण नाही आणि शुद्ध पण नाही, मधला कुठेतरी. साध्या ट्रम्पेटवर तो सूर ओठ सैल करून ओढूनताणून काढता येतो पण टिकत नाही आणि आवाजाची चमक जाते. म्हणून नसीमने 1960 च्या दशकात ट्रम्पेटला चौथा व्हॉल्व्ह बसवायची कल्पना काढली जो सूर पाव टोनाने, म्हणजे हार्मोनियमच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अर्ध्या अंतराने, खाली आणतो. अमेरिकेत डॉन एलिस या जाझ ट्रम्पेटवाल्यानेही त्याच दशकात चार व्हॉल्व्हचं पाव-टोनी ट्रम्पेट करून घेतलं होतं, आणि गंमत म्हणजे तो लॉस एंजेलिसमध्ये आपल्या सतारवाल्या हरिहर राव यांच्याबरोबर हिंदुस्तानी जाझ सेक्सटेट नावाचा ग्रुप चालवायचा. त्यामुळे तुझ्या डोक्यात आलेली कल्पना साठ वर्षं जुनी आहे, वाईट वाटून घेऊ नको, चांगल्या लोकांना सुचलेली आहे.

इब्राहिमला सातव्या वर्षी वडिलांनी ट्रम्पेट हातात दिलं. नवव्या वर्षापासून बापलेक जोडीने युरोपभर बरोक, म्हणजे बाख-विवाल्डीच्या काळातल्या, संगीताचे कार्यक्रम करत फिरायचे. पंधराव्या वर्षी पोरगं बाखचा दुसरा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो वाजवत होतं, आणि हे वाचून तुला काही वाटलं नाही तर एकदा तो ऐक, त्यात ट्रम्पेट सतत शिडीच्या शेंड्यावर बसलेलं असतं, भल्याभल्यांचे ओठ पंधरा मिनिटांत मरतात. मग पॅरिसची कॉन्झर्व्हेटरी, मग विशीत आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा सपाटा. हे सगळं जाझ नाही हे लक्षात घे. ज्याला आपण जाझ ट्रम्पेटवाला म्हणतो त्याची पहिली पंधरा-सोळा वर्षं लिहिलेलं संगीत जसंच्या तसं वाजवण्यात गेलीत.

पुढचा टप्पा मला सगळ्यात जास्त शिकवणारा वाटतो. स्पर्धा जिंकून ऑर्केस्ट्रात नोकरी धरायची सोडून तो दुसऱ्यांच्या मागे उभा राहिला. गायिका ल्हासा दे सेला, अमादू आणि मरियम ही गाणारी जोडी, फ्रेंच गाण्यांची मंडळी, 2009 मध्ये स्टिंग या इंग्लिश गायकाच्या एका अल्बमवर पण तो आहे. म्हणजे साइडमन. आपल्या भाषेत, गाणं दुसऱ्याचं आणि तुला आठ मात्रा. आठ मात्रांत असं काहीतरी वाजवायचं की पुढच्या वेळी फोन आपल्यालाच आला पाहिजे, आणि असंही वाजवायचं नाही की गायकाला वाटावं हा माझ्या अंगावर येतोय. मी स्टुडिओत हेच केलं, त्यामुळे सांगतो, तिथे जे शिकायला मिळतं ते कुठल्याच क्लासमध्ये नाही.

आणि त्याच काळात तो शिकवत पण होता! 2006 पासून पुढे सहा-सात वर्षं पॅरिसच्या उत्तरेकडच्या उपनगरातल्या ओबर्व्हिलिए-ला कूर्नव्हच्या कॉन्झर्व्हेटरीत. पहिला अल्बम 'डायस्पोरा' 2007 चा, तो काढला स्वतःच्या लेबलवर. त्यानंतर 2009 आणि 2011 चे दोन. 2010 साली फ्रान्सच्या जाझ पुरस्कारांत 'नवा चेहरा' म्हणून त्याचं नाव पुढे आलं तेव्हा हा नवा चेहरा तिशीला टेकला होता आणि त्याच्या हातात ट्रम्पेट बावीस-तेवीस वर्षं होतं. हे गणित मी मुद्दाम करून दाखवतोय.

पुढचं भराभर सांगतो कारण ते तुला कुठेही सापडेल. 2012 चा 'विंड', मूळ एका जुन्या फ्रेंच मूकपटासाठी केलेलं संगीत, न्यूयॉर्कला रेकॉर्ड केलेलं, त्यावर अमेरिकन जाझ ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची सावली स्पष्ट आहे, डेव्हिस 1957 मध्ये पॅरिसमध्ये एका सिनेमासाठी जे वाजवून गेला त्याची. 2013 चा 'इल्यूजन्स', रॉककडे झुकलेला, चालला भरपूर. 2015 ला एकाच दिवशी दोन अल्बम. डिसेंबर 2016 मध्ये पॅरिसचं बेर्सीचं भलंमोठं स्टेडियम भरवलं, जिथे पॉपवाले वाजवतात, तिथे एक ट्रम्पेटवाला. 2017 ला सिनेमाच्या संगीतासाठी सेझार, म्हणजे फ्रेंच सिनेमाचा सगळ्यात मोठा मान. मग सिम्फनी, क्यूबन संगीत, 2022 मध्ये गायिका आंजेलिक किडजोबरोबरचा अल्बम आणि त्याला ग्रॅमी नामांकन, आणि 2024 मध्ये तर वडिलांच्या ट्रम्पेटच्या नावानेच अल्बम, लेबनॉनमधल्या लग्नांच्या बँडची आठवण येईल असा धडाकेबाज. तुझ्या वडिलांना तो नक्की ऐकव.

मला स्वतःला यातलं सगळं आवडत नाही हेही सांगून टाकतो. मोठ्या स्टेजचं काम मला कधीकधी जत्रेसारखं वाटतं. पण 2015 चा 'कल्थूम', तो मी शिष्यांना हात धरून ऐकवतो. इजिप्तची गायिका उम्म कुल्थूम, तिचं 'अल्फ लैला व लैला' हे 1969 चं लांबलचक गाणं, संगीत बलीग हम्दीचं, तेच मालूफने जाझ क्विंटेटसाठी, म्हणजे पाच जणांच्या ग्रुपसाठी, मांडलं. ती बाई एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची, दर वेळी वेगळी, आणि लोक वेडे व्हायचे, आपल्याकडे ठुमरीत बोल बनवतात तसंच थोडंफार. मालूफ ते ट्रम्पेटवर करतो आणि तिथे तुला चौथ्या व्हॉल्व्हचं खरं काम ऐकू येईल. दाखवायला वापरलेला नाहीये, सूर तिथे आहे म्हणून वापरलाय.

आता वाद्यावर येऊ.

साध्या बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी सरळ केली तर साधारण दीड मीटर भरते. मधला व्हॉल्व्ह दाबला की जवळपास नऊ सेंटीमीटर नळी वाढते आणि सूर अर्धा टोन उतरतो, पहिल्याने एक टोन, तिसऱ्याने दीड. मालूफच्या चौथ्याने वाढते फक्त चार-सव्वाचार सेंटीमीटर, आणि सूर उतरतो पाव टोन. बस, एवढंच आहे ते यंत्र. प्रत्येक सुराला एक पायरी मध्ये मिळाली, बाराच्या चोवीस झाल्या.

पण रागाला पायऱ्या वाढवून हव्यात का, हा खरा मुद्दा. दरबारीचा गंधार आठव. तो एका जागेवर उभा राहतो का? तो डोलतो, ऋषभाकडे झुकत झुकत आंदोलन घेतो, आणि त्या डोलण्यातच दरबारी असते. चौथा व्हॉल्व्ह दाबून तुला कोमल गंधाराच्या पाव टोन खाली एक पक्की खुंटी मिळेल. खुंटी घेऊन करणार काय? तुला दोन खुंट्यांमधला दोर पाहिजे, म्हणजे मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, आणि मींड व्हॉल्व्हने येत नाही, ती ओठ, हवा आणि अर्धवट दाबलेला व्हॉल्व्ह यांच्यातून येते. मकामवाले पण काही फूटपट्टी लावून पाव टोन वाजवत नाहीत, सूर इकडेतिकडे होतोच, पण त्यांचा बराचसा व्यवहार ठरलेल्या जागेवरच्या सुरांशी आहे म्हणून नसीमच्या यंत्राने त्यांचं काम झालं. आपलं दुखणं वेगळं आहे. त्याचं औषध तू घेऊ नकोस.

दुसरी गोष्ट, आणि ही मला माझ्या सरांनी तोंडी कधीच सांगितली नाही, फक्त एकदा तानपुरा लावून दाखवली. ट्रम्पेट मोकळं, म्हणजे एकही व्हॉल्व्ह न दाबता जे सूर देतं ते काळी पाचचे, म्हणजे हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी सा धरून. तानपुरा अॅपवर काळी पाच लाव. मधला सा घे, मोकळा. आता काहीही न दाबता, फक्त हवा आणि ओठ, वरचा पुढचा सूर घे. तो शुद्ध गंधार आहे. आणि बँडमध्ये क्लॅरिनेटवाला, कीबोर्डवाला तुला नेहमी म्हणत असेल की तुझा हा सूर उतरा आहे, बरोबर ना? उतराच आहे, कीबोर्डच्या गंधारापेक्षा अर्ध्या टोनाचा सातवा हिस्सा खाली. कारण तो निसर्गतःच तसा निघतो, आणि तानपुऱ्याच्या खर्जातून कान दिला तर ऐकू येणारा गंधार तोच आहे! आपण आयुष्यभर ओठ आवळून तो सूर वर ढकलायला शिकतो, कीबोर्डशी जुळावं म्हणून. तानपुऱ्याशी वाजवताना नुसतं ढकलणं बंद करायचं. मला हे कळलं त्या दिवशी मी बहुतेक अर्धा तास एकच गंधार लावून बसलो होतो, बायको आत येऊन बघून गेली काही बिघडलंय का म्हणून.

म्हणजे तुझ्या तीन व्हॉल्व्हच्या ट्रम्पेटमध्ये यमनचा गंधार आधीच आहे, फुकट.

तिसरी गोष्ट स्लाइडची. तिसऱ्या व्हॉल्व्हच्या नळीला रिंग असते, डाव्या हाताच्या बोटात घालायची. ती सरकवून सूर वाजता वाजता थोडा खाली नेता येतो, पहिल्या व्हॉल्व्हच्या स्लाइडला खाच किंवा ट्रिगर असेल तर तिकडेही. या दोन स्लाइड, अर्धे दाबलेले व्हॉल्व्ह आणि ओठ यांच्यात मींडीचं पुष्कळ काम होतं. सगळं नाही होत. सतारीसारखी पाच सुरांची लांब मींड ट्रम्पेटवर मी तरी स्वच्छ काढू शकलेलो नाही, दोन-अडीच सुरांपर्यंत ठीक. मोठी मींडच हवी असेल तर सरळ ट्रॉम्बोन उचल, त्यात नळीच सरकवून सूर बदलतात, हे मी चेष्टेत नाही म्हणत.

आता 'परिस्थितीवर अवलंबून आहे' वाला भाग. तुला जर खरंच अरबी, तुर्की ढंगाचं संगीत वाजवायचं असेल, तर पाव-टोनी ट्रम्पेट घेण्याला अर्थ आहे, पण त्याआधी ते मकाम कानात बसलेले पाहिजेत, मालूफच्या कानात ते घरातच बसले होते. तुला जर फ्यूजन ग्रुपमध्ये गायकाबरोबर वाजवायचं असेल तर एरिक त्रुफाझचा 2008 चा 'बनारस' ऐक. तोही फ्रेंच जाझ ट्रम्पेटवाला, त्याच्याबरोबर इंद्राणी मुखर्जी गायल्यात. त्रुफाझ तिथे राग वाजवायला जातच नाही. तो लांब सूर लावतो, थांबतो, जागा सोडतो, राग गायिकेकडे. मला हा प्रामाणिकपणा आवडला. आणि तुला जर वडिलांचा बँडच पुढे न्यायचा असेल, तर त्यात कमीपणा काही नाही, फक्त मग पैसा ट्रम्पेटवर न घालता बऱ्या माइकवर आणि एका चांगल्या युफोनियमवाल्यावर (ते खालच्या, जाड आवाजाचं ब्रासचं वाद्य) घाल.

कर्जाचं म्हणशील तर घरच्या परिस्थितीचं तू जास्त जाणतोस. माझं मत, सीझनच्या कमाईवर चालणाऱ्या घरात असल्या वाद्यासाठी हप्ता लावून घेऊ नये. ते बिघडलं तर तुझ्या तालुक्यात ते उघडायची कोणाची हिंमत होणार नाही, पुण्या-मुंबईतही दोनतीनच माणसं असतील. आणि दुसरा त्रास, जो विकणारा सांगत नाही, तो असा की चौथ्या व्हॉल्व्हची नळी मोकळ्या सुरासाठी मोजलेली असते, बाकीचे व्हॉल्व्ह दाबलेले असताना एकूण नळी लांब होते आणि मग तो पाव टोन पुरा पडत नाही, पुन्हा स्लाइडने भरून काढावा लागतो. म्हणजे स्लाइड तुला तिथेही चुकत नाही.

कॉलेज सोडायचा विषय तू काढला नाहीस पण वास येतोय. सोडू नको. मालूफ स्वतः नाव झाल्यावरही शिकवत होता हे वर लिहिलंच आहे. माझ्याबरोबर हॉटेलात वाजवणारे जे टिकले त्यांतले अर्धे दिवसा कुठेतरी नोकरीला होते. आणि मुंबईत जाझ ट्रम्पेटने घर चालवणारे गोवेकर होऊन गेले, सी. रामचंद्रांच्या गाण्यांत चिक चॉकलेटचं ट्रम्पेट ऐकलं असशीलच, ती मंडळी चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन शिकून आलेली असायची, रात्री हॉटेल, दिवसा सिनेमा. एकाच कामावर त्यांचं पण भागत नव्हतं.

तुझ्याकडे नोटेशन आहे का, ते तू लिहिलेलं नाहीस. बँडमधली बहुतेक मुलं कानावर वाजवतात, कान तयार असतो पण कागद समोर आला की अडतात, आणि स्टुडिओत कागदच समोर येतो. ते नसेल तर कर्जाच्या पहिल्या दोन हप्त्यांच्या पैशात सहा महिने शिकता येईल, मिरज तुझ्या बाजूलाच आहे, तिथे गाण्याचं वातावरण आहे, एखाद्या गायकाकडे आठवड्याला एकदा नुसतं बसायला मिळालं तरी बघ. ट्रम्पेट नेऊ नको सुरुवातीला, गाऊन शिक. जे गळ्यातून निघत नाही ते माझ्या अनुभवात ओठातून पण निघालेलं नाही.

आणि एक. तू दिलेल्या फोटोत तुझं ट्रम्पेट मी मोठं करून बघितलं. तिसऱ्या स्लाइडची रिंग आहे, पण सांध्यापाशी हिरवट थर दिसतोय, म्हणजे ती स्लाइड बरेच महिने, कदाचित वर्षं, हललेली नाही. जोर लावून ओढू नको, नळी वाकेल. कोमट पाण्यात अर्धा तास ठेव, सांध्यावर तेलाचे चार थेंब, रात्रभर तसंच राहू दे, सकाळी कापडाची पट्टी स्लाइडमधून ओवून सरळ रेषेत हलके झटके दे. निघाली तर साफ करून ग्रीस लाव आणि मग काळी पाचला गंधार लावून रेकॉर्ड करून पाठव. नाही निघाली तर तसंच कळव, मिरजेत वाद्यं दुरुस्त करणारे आहेत, तिथे नेऊन दाखव, घरी हातोडी घेऊन बसू नको.